वीतभर पाणी आणि झाकणाची किल्ली

मी एक जुनी टाकी आहे. पेट्रोल पंपाच्या फरशीखाली पुरलेली, लोखंडाची, आणि आता पोटात वाळू भरलेली. मित्रांनो, तुम्ही आईच्या गाडीवर मागे बसून पंपावर येता तेव्हा वर बघता. फिरणारे आकडे बघता, नळी धरणाऱ्या ताईकडे बघता. पायाखाली कोण बघतो? तिथे एक गोल झाकण असतं, त्यावरून चाक गेलं की खडंग असा आवाज होतो, तेवढीच आमची तुमची ओळख. पूर्वी मला याचं वाईट वाटायचं. आता राग येतो, आणि तोही वाळूखाली दडपून राहतो.

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. जाड पत्रे वाकवून, कडेला कडा जुळवून मला वळवलं. जोड देणारा वेल्डर फार कमी बोलायचा. काम झाल्यावर त्याने माझ्यात हवा भरली, प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावलं आणि कुठे बुडबुडा येतो का ते वाकून वाकून पाहिलं. एकही आला नाही. मग मला थोपटून तो म्हणाला, "ही काही गळायची नाही." आणि मी कधी गळले नाही. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढे माझ्याबद्दल लोक वाटेल ते बोलले.

मला पुरलं तो खड्डा एका बाजूला मऊ होता. खालची माती नीट ठोकून घ्या, असं गवंडी सांगत होता. पंपाच्या मालकांना घाई होती. दोन पावसाळ्यांत माझा एक खांदा खचला आणि मी कायमची तिरकी झाले. वरून कुणाला काही दिसेना. पेट्रोल मोजायची काठी सोडतात ते भोक माझ्या उंच बाजूला होतं, आणि पेट्रोल वर ओढणारी नळी सखल बाजूला, बुडापासून वीतभर वर. हे ध्यानात असू द्या, पुढे लागणार आहे.

आता मालकांबद्दल सांगते. त्यांना सगळे मोठे मालक म्हणत. पंप उघडला त्या पहिल्याच आठवड्यात टँकर आला नाही आणि मी कोरडी पडले. गाड्या यायच्या, भोंगा वाजवायच्या आणि हसत पुढच्या पंपावर जायच्या. समोरच्या चहावाल्याने तर नवीन दुकानाला कुलूप कधी लावताय, म्हणून तोंडावर विचारलं. ती गोष्ट मोठ्या मालकांच्या मनाला फार लागली. त्यांनी त्या दिवशी ठरवून टाकलं, टाकी पुन्हा म्हणून कधी कोरडी करायची नाही. काहीही होवो, बुडाला वीतभर तरी राहिलंच पाहिजे. कुणी कारण विचारलं की म्हणत, "या पंपाची पद्धत आहे ती."

रोज सकाळी ते यायचे, झाकणावर काठीने तीनदा ठोकायचे. मी आतून टण्ण करून घुमायचे. "जागी आहे," असं म्हणून ते खुर्चीवर जाऊन बसायचे. त्यांचा माझ्यावर जीव होता, हे मी नाकारत नाही. झाकणाच्या कुलपाची किल्ली त्यांच्या कमरेला असायची. आंघोळीला जातानाही ती खुंटीवर टांगलेली त्यांना चालायची नाही, असं पुढे घरात आलेली त्यांची सूनच हसून सांगायची.

पण मित्रांनो, वीतभर राहिलंच पाहिजे म्हणता म्हणता माझ्या बुडाला काय राहत होतं? पाणी. थोडं झाकणाच्या फटीतून झिरपायचं, थोडं माझ्या अंगाला आतून फुटलेल्या घामाचं. पाणी पेट्रोलपेक्षा जड, ते उतारावरून थेट सखल बाजूला जाऊन बसायचं. त्यावर गंज, त्यावर गाळ. पेट्रोल आपलं वर निवांत तरंगत असे. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही, आणि ओढनळीचं तोंड पाण्याच्या जरासं वर. त्यामुळे कुणाची गाडी कधी अडली नाही. रोज मापाच्या काठीच्या टोकाला एक लेप लावून ती माझ्यात सोडत. पाणी लागलं की तो लेप लाल होतो. पण काठी उतरायची उंच बाजूला, तिथे पाणी चढणारच नाही. लेपाचा रंग कधी बदलला नाही. मग तेल कंपनीने पंपाला उत्तम देखभालीची पाटी दिली आणि मालकांनी ती खुर्चीच्या मागे टांगली. देखभाल माझी, पाटी त्यांची. असो.

समोर गॅरेज चालवणारा एक फिटर होता. तो अधूनमधून म्हणायचा, "मालक, एकदा टाकी उपसून धुऊन काढा. लोखंड आहे ते." मोठे मालक त्याला सरळ सुनवायचे, "आधी तुझ्या गॅरेजची फरशी धू." लोक हसायचे. फिटरही हसायचा. मला तळापासून खाज सुटलेली असायची, आणि वर हे हसत.

मग सूनबाई आल्या. मालकांच्या मुलाचं लग्न झालं आणि वर्षभरात तो परदेशी गेला, तिथल्या एका बंदरावर, तेलाच्या टाक्यांच्याच कामाला. सूनबाई इथे राहिल्या आणि हळूहळू पंप बघू लागल्या. मालकांचे गुडघे धरले तेव्हा त्यांनी चार लोकांसमोर पंपाचा परवाना सुनेच्या नावावर केला. "आता पंप तुझा, सूनबाई," असं म्हणून त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. टाळ्या वाजल्या. किल्ली मात्र कमरेलाच राहिली.

सूनबाईंशी माझी ओळख झाली ती फोनमुळे. आवारात फोनला रेंज नीट मिळे ती नेमकी माझ्या झाकणापाशी. नवऱ्याचा फोन आला की त्या तिथे येऊन उभ्या राहत. घरातली बोलणी, कामाची बोलणी, रुसवेफुगवे, सगळं मी ऐकलं. चोरून नव्हे. त्या माझ्या डोक्यावर उभ्या असत, मी कान कुठे नेणार?

आणि मग इथेनॉल आलं. तुम्ही हे नाव ऐकलं असेल. उसाची मळी, मका, खराब झालेलं धान्य यांच्यापासून काढलेला मद्यार्क. कुणी पिऊ नये म्हणून त्यात वाईट चवीचं काहीतरी मिसळतात आणि मग तो पेट्रोलमध्ये घालतात. बाहेरून विकत आणायचं तेल कमी व्हावं, हा त्यातला हेतू. आमच्याकडे टँकर घेऊन येणारा चालक याविषयी फार सांगायचा. त्याचा आवाज असा, की सगळे त्याला भोंगाच म्हणत. "आधी पाच टक्के होतं, मग दहा झालं," तो सांगायचा. "तुमच्याकडे उशिरा येतंय, पण येतंय ते एकदम वीस. कारखाने तर असे निघालेत, टँकरांची रांग संपत नाही. एका देशात म्हणे गाडीवाला पंपावर येऊन ठरवतो, आज पेट्रोल भरू का नुसतं उसाचं. आणि एका ठिकाणी प्रत्येक नळीवर किती टक्के ते ठळक लिहिलेलं असतं. जुन्या गाड्यांना वेगळी नळी."

"आपल्याकडे असते का वेगळी?" सूनबाईंनी विचारलं.

"आपल्याकडे ज्याने त्याने आपली गाडी बघायची," भोंगा म्हणाला आणि पाइप जोडायला गेला.

सूनबाईंनी त्या रात्रीच्या जेवणाआधी नवऱ्याला फोन लावला. त्याने सगळं नीट समजावून सांगितलं. खोटं कशाला बोलू, तो हुशार आहे. "अगं, मद्यार्काला पाण्याची ओढ फार. पेट्रोल पाण्याला शिवत नाही, पण हा पाणी दिसलं की त्याच्याकडे जाणारच. मग दोघं मिळून पेट्रोलला सोडतात आणि तळाशी जाऊन बसतात. म्हणून इकडे मिश्रण बदलायचं म्हटलं की आधी टाकी रिकामी, धुतलेली आणि पुसून कोरडी. नाहीतर टँकरला फाटकातून आतच घेत नाहीत. तुझ्याकडेही नियम तोच असणार. बाबांना सांग."

नियम तोच होता. कारखान्यातून निघणाऱ्या त्या मद्यार्कात पाण्याचा थेंबही चालत नाही म्हणे. तिथे पांढरे डगले घातलेली माणसं काचेच्या नळ्यांत मोजून मोजून बघतात. डेपोत पुन्हा तपासतात. टँकरला सील लावतात. एवढं सगळं सोवळं पाळून शेवटी तो ओततात कुठे, तर तीस वर्षं न धुतलेल्या माझ्या पोटात. मला हसू आलं असतं, पण गाळाने घसा भरला होता.

सूनबाईंनी सासऱ्यांना सांगितलं. मोठे मालक ऐकून घेऊन म्हणाले, "टाकी कोरडी करायची नसते."

"बाबा, एका दिवसाचा प्रश्न आहे. साफ करणारी माणसं ठरवलीत मी. आणि काही झालं तर परवाना माझा जाईल. पंप गेला तर आपण काय करायचं?"

"तीस वर्षांत काही झालं?"

"तीस वर्षांत हे तेल नव्हतं, बाबा."

मालकांनी "बघू" म्हटलं. मोठ्या माणसांचं बघू तुम्हाला माहीत आहे, मित्रांनो. तुमच्या सहलीच्या बाबतीत जे होतं तेच इथे झालं. नेमकी त्याच आठवड्यात सूनबाईंच्या आईची शस्त्रक्रिया निघाली आणि त्यांना माहेरी जावं लागलं. जाताना त्या तीन वेळा सांगून गेल्या की माणसं येतील, किल्ली द्या.

माणसं आली. बादल्या, दोर, पंप, तोंडाला लावायचे मुखवटे, सगळं घेऊन आली. मोठ्या मालकांनी त्यांना फाटकातूनच परत पाठवलं. पुढच्या महिन्यात या म्हणाले. मग ते झाकणापाशी आले, काठीने ठोकलं, मी घुमले. "तुला कोण कोरडं करतंय बघतो," ते म्हणाले. किती मायेने म्हणाले. 

दुसऱ्या दिवशी कंपनीचे साहेब आले. त्यांनी विचारलं, "टाकी साफ झाली ना?" मालक म्हणाले, "झाली की. सूनबाईंनीच करून घेतली जाण्याआधी." साहेबांनी लेप लावून काठी सोडली. उंच बाजूला, अर्थातच. लेप जसाच्या तसा. साहेब म्हणाले, "छान," आणि भोंग्याने माझ्यात पहिलं नवं पेट्रोल ओतलं.

सूनबाई परत आल्या तेव्हा पंपावर इथेनॉलच्या पेट्रोलची नवी पाटी झळकत होती. पिशवी हातात असतानाच त्यांनी विचारलं, "बाबा, माणसं आली होती ना?"

"आली होती, गेली. तू आधी जेवून घे."

"किल्ली द्या, एकदा बघून घेते."

"दमून आलीस. उद्या बघ."

त्या दमल्याच होत्या. आईचं दुखणं, प्रवास, आणि आल्या आल्या गिऱ्हाइकांची गर्दी. ते उद्या काही उजाडलं नाही. शिवाय सासरा आपल्याशी अशा बाबतीत खोटं बोलेल, हे कुणाच्या मनात येईल? त्यांनी विश्वास ठेवला. यात त्यांची चूक शोधणारे पुष्कळ भेटले, मला मात्र ती सापडलेली नाही.

माझ्या आत मात्र सूनबाईंच्या नवऱ्याने सांगितलं तसंच घडत होतं. मद्यार्काने पाणी पाहिलं आणि तो पेट्रोलला सोडून त्याच्याकडे गेला. तळाचा थर फुगला. पुढचा टँकर आला, तो आणखी वर चढला. गाळ सुटला, गंज सुटला. इतकी वर्षं गप्प पडून राहिलेलं सगळं हलायला लागलं. मी ओरडून सांगितलं असतं, पण मला आवाज म्हणजे वरून कुणी ठोकलं तरच. तिसरा टँकर रिकामा झाला आणि तो थर ओढनळीच्या तोंडापर्यंत पोहोचला.

त्या सकाळी पहिली गाडी आली ती व्हॅनवाल्या मावशींची. त्या शाळेच्या मुलांना ने-आण करत आणि पंप सुरू झाल्यापासून आमच्याकडेच तेल भरत. सूनबाईंची आणि त्यांची मैत्री होती. मावशी भरून गेल्या आणि शाळेच्या चढावर व्हॅन आचके देत बंद पडली. ब्रेक धरेपर्यंत मागे घरंगळून भिंतीला टेकली. फार काही झालं नाही असं मोठी माणसं म्हणाली. एका मुलीच्या हनुवटीला टाके पडले, ती तुमच्याच वयाची होती. दुपारपर्यंत फिटरच्या गॅरेजसमोर गाड्यांची रांग लागली.

मावशी पंपावर आल्या त्या हातात पाण्याची एक बाटली घेऊन. व्हॅनच्या टाकीतलं त्यांनी त्यात काढलं होतं. वर पिवळसर थर, खाली गढूळ थर. त्यांनी ती सूनबाईंच्या टेबलावर ठेवली.

"हे काय आहे, तूच सांग."

सूनबाई बाटलीकडे बघत राहिल्या. "मावशी, टाकी धुतली होती हो," त्या म्हणाल्या.

"मग हे कुठून आलं? माझ्या पोटात मुलं होती गं," मावशी म्हणाल्या. व्हॅनला त्या नेहमी "माझं पोट" म्हणायच्या. शाळेने दुसऱ्या दिवसापासून त्यांचं काम काढून घेतलं.

साहेब आले, पंप बंद केला आणि आता टाकी उघडाच म्हणाले. मोठ्या मालकांना कमरेची किल्ली काढावीच लागली. तीच परत पाठवलेली माणसं पुन्हा आली. त्यांनी मला उपसलं, हवा खेळवली आणि एकजण मुखवटा लावून दोराने आत उतरला. तीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्या सखल बाजूला हात लावला. बादलीमागून बादली वर गेली. काळा गाळ, गंजाचे पापुद्रे, मापाच्या काठीचं कधीतरी तुटलेलं टोक. सगळं फरशीवर ओतलं आणि भोवती माणसं गोळा झाली.

"ही धुतलेली टाकी?" साहेबांनी विचारलं.

सूनबाईंनी सासऱ्यांकडे पाहिलं. त्यांना तिथल्या तिथे सगळं कळलं. मोठे मालक काठीच्या टोकाने फरशी टोकरत म्हणाले, "कारभार तिच्याकडे असतो, साहेब. मी म्हातारा माणूस. मला काय कळतं?"

"साहेब, किल्ली कुणाकडे असते ते विचारा," सूनबाई म्हणाल्या. आवाज चढला नाही त्यांचा.

"परवाना कुणाच्या नावावर आहे?"

"माझ्या."

"मग किल्लीचा प्रश्न येतो कुठे?" साहेब म्हणाले. त्यांनी स्वतः काठी कोणत्या बाजूला सोडली होती, हे विचारणारं तिथे कुणीच नव्हतं.

थोड्या वेळाने नवऱ्याचा फोन आला. सूनबाई माझ्या उघड्या तोंडापाशी येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी सगळं सांगितलं. पलीकडून त्याने ते ऐकून घेतलं. मग तो म्हणाला, "अगं, बाबांचं वय झालंय. या वयात गावात तोंड कसं दाखवतील? तू घे ना अंगावर. तुझं काय, तू निभावशील."

"तुम्हीच सांगितलं होतं ना, धुतल्याशिवाय टँकर आत घेत नाहीत म्हणून?"

"ते इकडचं गं. इकडची गोष्ट वेगळी."

सूनबाईंनी फोन बंद केला. त्या रडल्या नाहीत. खाली वाकून त्यांनी माझ्या आत पाहिलं, आणि मी पहिल्यांदाच रिकामी, धुतलेली अशी त्यांना दिसले. माझा खचलेला खांदाही त्यांना दिसला असणार. "म्हणजे तू तिरकीच होतीस," त्या एवढंच म्हणाल्या.

परवाना रद्द झाला. लोक म्हणाले, दारू मिसळल्यावर आणखी काय होणार. काही म्हणाले, टाकीच गळकी. मित्रांनो, मी गळले नव्हते. आणि त्या इथेनॉलला नावं ठेवणाऱ्यांना मी विचारते, त्याने नेमकं काय केलं? तळाशी जे होतं ते वर आणलं. पेट्रोल इतकी वर्षं त्यावर गुमान तरंगत राहिलं, म्हणून ते सज्जन ठरलं. याला ते जमलं नाही, म्हणून हा वाईट. जुन्या गाड्यांचे रबरी भाग तो खातो, ते खरं आहे, आणि गाडीवाल्याला ते सांगायला हवं, तेही खरं. पण माझ्या बुडातलं पाणी त्याने आणलेलं नव्हतं. ते आमच्या घरचंच होतं.

माझी वेळ आली तेव्हा मला खणून काढण्याचेही कष्ट कुणी घेतले नाहीत. जुनी टाकी जागच्या जागी वाळूने भरून टाकतात. वाळू ओतत होते त्या दिवशी सूनबाई पिशवी घेऊन निघाल्या. मोठे मालक फाटकापर्यंत त्यांच्या मागे आले आणि त्यांनी कमरेची किल्ली काढून पुढे केली. "घे. तुझीच आहे ही," ते म्हणाले.

सूनबाईंनी वाळूच्या ढिगाकडे पाहिलं. "आता कशाला, बाबा?" म्हणाल्या आणि रस्ता ओलांडून गेल्या. किल्ली मोठ्या मालकांच्या हातात तशीच राहिली.

भोंगा परवा फिटरशी बोलत इथेच उभा होता. सूनबाई बाहेरच्या मोठ्या रस्त्यावरच्या पंपावर नळी धरायच्या कामाला लागल्यात म्हणे. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, टाकी शेवटची कधी धुतली? तिथले लोक हसले. भोंगाही हे सांगताना हसला. फिटर मात्र हसला नाही.

तर मित्रांनो, माझं मागणं फार नाही. तुमच्या घरात, शाळेत कुणी म्हणालं की जरा खालपर्यंत उघडून धुऊन काढू या, तर त्याला गप्प बसवू नका. कुणाच्या हाती जबाबदारी दिलीत तर किल्लीही द्या. आणि जिच्यावर तुमचा जीव आहे तिच्या डोक्यावर नुसतं थोपटू नका, तिच्या बुडाशी काय साचलंय ते बघा. मला कुणी थोपटलं नाही असं नव्हतं. रोज थोपटलं.

अजूनही थोपटतात. पंप बंद आहे, पाटी उतरवलेली आहे, तरी मोठे मालक सकाळी येतात. झाकणावर काठीने तीनदा ठोकतात आणि कान देऊन उभे राहतात. वाळू भरलेल्या लोखंडाचा काय आवाज येणार? थप, थप, थप. ते पुन्हा ठोकतात. मी ऐकत असते, पण घुमत नाही.